बीपी आहे आणि परदेशातल्या नोकरीचं मेडिकल द्यायचंय? मग ही तयारी आधी करा

ऑफर लेटर आलं, पासपोर्ट तयार आहे, आता फक्त मेडिकल राहिलंय आणि नेमकं तिथेच पोटात गोळा येतोय कारण तुम्हाला बीपी आहे, किंवा मागे कधीतरी कुणीतरी मोजून "जरा जास्त आहे" म्हटलं होतं आणि ते तसंच राहून गेलं. अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय. मला स्वतःला बीपीची गोळी चालू आहे, गोळी चालू असतानाच मी मेडिकल पास झालोय आणि नंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांना फाइल तयार करायला मदत केलीय, त्यामुळे लोक कुठे अडकतात ते जवळून बघितलंय.

सगळ्यात आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. बीपी आहे म्हणून सहसा कुणाला नाकारत नाहीत. बीपी कंट्रोलमध्ये नाही म्हणून नाकारतात, किंवा बीपीमुळे किडनी, हृदय, डोळे यांच्यावर परिणाम झालेला दिसला म्हणून अडतं. गोळी घेऊन १२८/८२ असलेला माणूस आणि गोळी न घेता १६८/१०४ असलेला माणूस, यातला पहिला, पेशंट म्हणून नोंद झालेला असला तरी, फिट ठरतो आणि दुसरा "मला काही त्रासच नाही" म्हणत असला तरी अडकतो. बीपीचा त्रास होतच नाही बहुतेकांना, डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, काहीच नाही, म्हणून तर लोक गाफील राहतात.

१. तुमचं मेडिकल नेमकं कुठल्या प्रकारचं आहे ते आधी विचारा

सगळी मेडिकल सारखी नसतात आणि इथेच पहिला घोळ होतो, मित्राने सांगितलं म्हणून भलत्याच गोष्टीची तयारी करतात.

आखाती देशांचं मेडिकल, ज्याला अजूनही सगळे गामका म्हणतात, त्याचं बुकिंग आता वाफिद नावाच्या पोर्टलवरून होतं आणि ठरलेल्या मान्यताप्राप्त सेंटरमध्येच जावं लागतं. तिथे मुख्य भर छातीच्या एक्सरेवर म्हणजे टीबीवर, आणि एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी यांच्या रक्ततपासणीवर असतो. पण त्यांच्या अनफिटच्या यादीत संसर्गजन्य नसलेले आजारही आहेत आणि त्यात कंट्रोलमध्ये नसलेलं बीपी आणि कंट्रोलमध्ये नसलेली शुगर असं स्पष्ट लिहिलेलं आहे. शब्द नीट वाचा, "कंट्रोलमध्ये नसलेलं".

कॅनडा, ऑस्ट्रेलियासारख्या देशांचं मेडिकल त्यांनी नेमलेल्या पॅनल डॉक्टरकडेच करावं लागतं. तिथे बीपी मोजतात, जास्त आलं तर परत मोजतात, कधी किडनीच्या तपासण्या किंवा तुमच्या डॉक्टरचा रिपोर्ट मागतात. तिथला प्रश्न असा असतो की या आजाराचा पुढे मोठा खर्च त्यांच्या आरोग्यव्यवस्थेवर पडेल का, आणि साध्या गोळीवर नीट असलेल्या बीपीचा तसा खर्च नसतो. ब्रिटनच्या व्हिसासाठी सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर ठराविक देशांतल्या लोकांना टीबीची टेस्ट लागते, बीपीचा व्हिसाशी संबंध येत नाही, पण कंपनी स्वतःचं वेगळं मेडिकल घेऊ शकते.

जहाजावर जाणाऱ्यांचं वेगळं आहे आणि कडक आहे, कारण समुद्रात मध्येच हॉस्पिटल नसतं. आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) आणि आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) यांच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वरचं म्हणजे पहिला आकडा १६० च्या वर किंवा खालचं म्हणजे दुसरा आकडा १०० च्या वर असेल तर तपासण्या आणि उपचार होईपर्यंत तात्पुरतं अनफिट ठरवतात. नीट झालं की फिट देतात, कधी कधी कमी मुदतीचं सर्टिफिकेट देतात म्हणजे मध्येच परत तपासणी करून घ्यावी लागते. नाहीतर नाविकांचं सर्टिफिकेट जास्तीत जास्त दोन वर्षं चालतं.

म्हणून एजंटला किंवा एचआरला हे थेट विचारा: मेडिकल व्हिसाचं आहे की कंपनीचं, की दोन्ही? फॉर्म आधी बघायला मिळेल का? बीपी जास्त आलं तर दुसऱ्यांदा मोजायची संधी आहे का आणि किती दिवसांत? उत्तर लेखी मिळालं, मेसेजवर का होईना, तर चांगलं.

२. घरी बीपी मोजा, आणि नीट मोजा

हे काम मेडिकलच्या किमान दोन-अडीच महिने आधी सुरू करा. हातात तेवढा वेळ नसेल तर आजच सुरू करा.

मशीन दंडाला लावायचं डिजिटल घ्या, मनगटाचं नको, त्यात हाताची पोझिशन थोडी चुकली की आकडा बदलतो. मशीन तपासून प्रमाणित झालेलं म्हणजे व्हॅलिडेटेड आहे का ते बघा. कफचा, म्हणजे दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याचा साइझ हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा आहे. दंड जाड आहे आणि कफ लहान आहे तर बीपी नसताना जास्त दिसतं, आणि जिम करणाऱ्या, भरलेल्या दंडाच्या पोरांना याचा हमखास फटका बसतो. टेपने दंडाचा घेर मोजा आणि कफवर लिहिलेल्या सेंटिमीटरशी जुळतोय का बघा.

मोजायच्या आधी अर्धा तास चहा-कॉफी नाही, सिगारेट नाही, व्यायाम नाही. लघवीला जाऊन या. खुर्चीत पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर सपाट ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसा. दंड उघडा, शर्टाची बाही वर सरकवून दंडाला करकचून बसत असेल तर शर्ट काढाच. हात टेबलावर, कफ छातीच्या म्हणजे हृदयाच्या पातळीला. मोजताना बोलायचं नाही, मोबाइल बघायचा नाही. एक रीडिंग, मग एक-दोन मिनिटं थांबून दुसरं.

असं सलग सात दिवस, सकाळी गोळीच्या आधी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर असेल तर ते जास्त धरतात. दवाखान्यात मोजलेल्यासाठी हीच रेघ बहुतेक ठिकाणी १४०/९० आहे, अमेरिकेत २०१७ पासून १३०/८० धरतात. पहिल्याच दिवशी दोन्ही दंडांना मोजून बघा आणि ज्या हाताचं जास्त येतं तोच हात पुढे कायम वापरा. दोन हातांत १५-२० चा फरक सारखाच दिसत असेल तर डॉक्टरला नक्की सांगा.

वहीत लिहायची पद्धतही सांगतो, कारण हीच वही पुढे कामाला येते. एका पानावर पाच रकाने: तारीख, वेळ, वरचं, खालचं, नाडीचे ठोके. शेजारी जागा सोडा, त्या दिवशी झोप झाली नसेल, ताप असेल, गोळी चुकली असेल तर तिथे दोन शब्द लिहा. आकडे गोल करू नका. १३७ आलं तर १३७ च लिहा, १३५ नाही. सगळे आकडे ० आणि ५ ने संपणारी वही डॉक्टर बघता क्षणी ओळखतात आणि मग त्यावर विश्वास ठेवत नाहीत. मशीनच्या मेमरीतली रीडिंग पुसू नका, कुणी विचारलं तर दाखवता येतात.

३. डॉक्टरकडे जा, आणि नोकरीचं सांगून जा

मेडिकलच्या आठवडाभर आधी जाऊन "लवकर कमी करून द्या" म्हणू नका. बीपीच्या गोळ्या तशा चालत नाहीत. अॅम्लोडिपिनचा नीट परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे जातात, टेल्मिसार्टन, लोसार्टनसारख्या गोळ्यांचा पूर्ण परिणाम यायला चार आठवडे किंवा जास्तही लागतात, त्यात डोस कमी-जास्त करावा लागला, गोळी सोसली नाही, दुसरी बदलावी लागली तर अजून महिना गेला. अॅम्लोडिपिनने काहींचे घोटे सुजतात, रामिप्रिल, एनालाप्रिलने काहींना कोरडा खोकला लागतो, आणि मेडिकलला छातीचा एक्सरे असताना सारखा खोकणारा माणूस सेंटरमध्ये बसलाय हे काही बरं दिसत नाही, मग टीबीच्या शंका, जास्तीच्या टेस्ट. हे सगळं आधीच निस्तरलेलं बरं, म्हणून दोन महिने म्हणतोय.

डॉक्टरला सांगायच्या गोष्टी: कुठल्या देशात जाताय, काम काय आहे, उन्हात आहे का, रात्रपाळी आहे का, उंचावर चढायचं आहे का, गाडी किंवा क्रेन चालवायची आहे का, मेडिकलची अंदाजे तारीख काय. उन्हातलं काम असेल तर हे फारच महत्त्वाचं आहे कारण लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन वगैरे, चालू असतील आणि दिवसभर घाम गळत असेल तर अंगातलं पाणी आणि क्षार कमी होऊन चक्कर येऊ शकते. डॉक्टर त्याप्रमाणे गोळी निवडू शकतात, पण त्यांना माहीत असेल तर ना. बायकांनी मूल होऊ द्यायचा विचार असेल किंवा दिवस गेल्याची शक्यता असेल तर तेही आधीच सांगावं, टेल्मिसार्टन, रामिप्रिल गटातल्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत.

आणि बाकी काय काय घेताय ते सगळं सांगा. दुखण्यावरच्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या रोज घेतल्या तर बीपी वाढतं आणि किडनीवरही ताण येतो. सर्दीच्या ज्या गोळ्यांत नाक मोकळं करणारं औषध असतं त्या बीपी वाढवतात. स्टेरॉइड, गर्भनिरोधक गोळ्या, एनर्जी ड्रिंक, जिममधल्या प्री-वर्कआउट पावडरी, ज्येष्ठमधाचे काढे, सगळं यात येतं. मी बघितलेल्यांपैकी एकाचं बीपी पाठदुखीची गोळी बंद केल्यावरच बरंच खाली आलं, बीपीच्या गोळीला हातही लावावा लागला नाही.

वय तिशीच्या आतबाहेर आहे आणि बीपी चांगलंच जास्त आहे तर "टेन्शनचं असेल" म्हणून सोडू नका. किडनीचा आजार, किडनीच्या रक्तवाहिनीत अडथळा, अॅड्रिनल ग्रंथीचा किंवा थायरॉइडचा प्रॉब्लेम, झोपेत श्वास अडकणं अशी कारणं तरुण माणसात शोधावी लागतात. घरच्यांना विचारा की तुम्ही खूप घोरता का आणि मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो का, हो म्हणाले तर डॉक्टरला सांगा.

४. या तपासण्या स्वतःहून आधी करून ठेवा

सेंटरमध्ये जे निघणार आहे ते आपल्याला आधी माहीत असावं, एवढाच हेतू. किडनी नीट काम करतेय का ते सांगणाऱ्या क्रिएटिनिन आणि ईजीएफआर, सोडियम-पोटॅशियम, लघवीची साधी तपासणी आणि त्यात प्रोटीन किंवा अल्ब्युमिन जातंय का, शुगर आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड म्हणजे कोलेस्टेरॉल वगैरे, ईसीजी. बीपी जुनं असेल तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही करा. ईसीजीत हृदयाचा डावा कप्पा जाड झाल्याची खूण दिसली तर डॉक्टर इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी सांगतील, घाबरू नका पण टाळूही नका.

लघवीच्या टेस्टबद्दल एक. आदल्या दिवशी जोरदार व्यायाम, धावणं, वजन उचलणं केलं की लघवीत तात्पुरतं प्रोटीन दिसू शकतं, तापातही दिसतं. पाळी चालू असेल तर लघवीत रक्त दिसणारच, शक्य असेल तर तारीख पुढची घ्या.

५. त्या दोन महिन्यांत स्वतः काय करायचं

यावर जास्त लिहीत नाही कारण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, त्यात बाहेरच्या आणि पाकिटातल्या पदार्थांतलं मीठही धरा. आठवड्यात १५० मिनिटं भरभर चालणं. वजन जास्त असेल तर एक किलो कमी झालं की वरचं बीपी साधारण एकाने उतरतं, पाच-सहा किलो उतरले तर आकड्यात दिसतं. दारू कमी किंवा बंद, सिगारेट बंद. झोप. पण हे करतोय म्हणून डॉक्टरने दिलेली गोळी स्वतःहून सोडायची नाही. बाजारात लो-सोडियम मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल गटातली गोळी असेल तर ते डॉक्टरला विचारल्याशिवाय नको.

६. फाइल तयार करा

हे सगळं एका पातळ फाइलमध्ये, वरून खाली याच क्रमाने लावा:

- पासपोर्ट आणि त्याची झेरॉक्स, फोटो, अपॉइंटमेंट स्लिप
- तुमच्या डॉक्टरचं पत्र, इंग्रजीत, लेटरहेडवर, सही-शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबरसकट
- चालू प्रिस्क्रिप्शन
- घरच्या रीडिंगचं पान, शेवटच्या दोन ते चार आठवड्यांचं
- वरच्या तपासण्यांचे रिपोर्ट, तीन महिन्यांच्या आतले असतील तर उत्तम
- २४ तासांच्या बीपीचा रिपोर्ट केला असेल तर तो
- आधी कधी अॅडमिट झाला असाल तर डिस्चार्ज कार्ड

डॉक्टरच्या पत्रात काय असावं हे डॉक्टरला सांगायला लाजू नका, त्यांना रोज असली पत्रं लिहायची सवय नसते. नुसतं "पेशंट इज फिट" लिहिलेलं पत्र काही कामाचं नाही. बीपी कधीपासून आहे, कुठली गोळी किती मिलिग्रॅम आणि ती ब्रँडच्या नावाने नाही तर औषधाच्या मूळ नावाने, गेल्या काही आठवड्यांतलं बीपी किती, किडनी-हृदय-डोळे यांच्यावर परिणाम नाही आणि ते कुठल्या तारखेच्या तपासणीवरून सांगतोय, गोळीचे काही साइड इफेक्ट नाहीत आणि अमुक काम करायला हरकत नाही. पाच-सहा ओळीच, पण आकडे आणि तारखा असलेल्या.

पासपोर्टवरचं नाव आणि पत्रावरचं, रिपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं. आडनाव पुढे-मागे, वडिलांचं नाव गाळलेलं, यावरून रिपोर्ट बाजूला ठेवलेले मी बघितलेत.

७. दवाखान्यातच बीपी वाढतं त्यांच्यासाठी

घरी १२५/८० आणि पांढरा कोट दिसला की १५५/९५, असे खूप लोक असतात. नाव व्हाइट कोट, नाटक नाही, खरंच होतं. यावर उपाय म्हणजे डॉक्टरला सांगून २४ तासांचं बीपी मॉनिटर लावून घेणं. दिवसा साधारण दर १५ ते ३० मिनिटांनी आणि रात्री थोड्या जास्त अंतराने ते आपोआप मोजतं, कामं करत राहायची, फक्त मोजताना हात सैल ठेवून थांबायचं. २४ तासांची सरासरी १३०/८० च्या खाली आली तर तो छापील रिपोर्ट फाइलमध्ये लावा. सेंटरचा डॉक्टर तो मानेलच असं नाही, पण घरच्या वहीपेक्षा त्याला वजन आहे. उलटंही असतं हं, दवाखान्यात नॉर्मल आणि घरी-कामावर जास्त, ते जास्त धोक्याचं कारण ते सापडतच नाही.

८. आदला दिवस आणि मेडिकलची सकाळ

आदल्या रात्री प्रवास टाळा. रात्रभर बसमधून येऊन, तोंडावर पाणी मारून थेट लाइनीत उभं राहायचं आणि मग बीपी जास्त आलं म्हणून सेंटरला नावं ठेवायची, असं करू नका. शक्य असेल तर आदल्या दिवशीच पोहोचा आणि झोपा.

उपाशीपोटी या असं सांगितलेलं असतं तेव्हा लोक बीपीची गोळीही घेत नाहीत. हा फार मोठा सापळा आहे. रक्तासाठी उपाशी राहायचं म्हणजे खायचं नाही, बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर सहसा घेता येते. आपल्या डॉक्टरला आधी विचारून ठेवा आणि ते हो म्हणाले तर नेहमीच्या वेळेला घ्या. शुगरच्या गोळीचं आणि इन्शुलिनचं मात्र वेगळं आहे, उपाशीपोटी ती घेऊन शुगर धाडकन उतरू शकते, ते वेगळं विचारा.

दुसरा सापळा लघवीचा. सॅम्पल द्यायचंय म्हणून माणूस घरून दोन बाटल्या पाणी पिऊन येतो, तास-दीड तास लघवी धरून लाइनीत बसतो आणि तेवढ्यात त्याचं नाव बीपीच्या टेबलाला पुकारतात. भरलेल्या मूत्राशयानेच आकडा दहाएक पॉइंट वर जाऊ शकतो. जमलं तर आधी सॅम्पल देऊन मोकळे व्हा आणि मग बीपीला जा, क्रम बदलून द्या म्हटलं तर बहुतेक ठिकाणी देतात.

आणि हे अजिबात करायचं नाही: मित्राची गोळी घेणं, डबल डोस घेणं, जिभेखाली काहीतरी ठेवून झटकन बीपी उतरवणं, धडधड कमी करणारी गोळी "फक्त आजच्या दिवस" म्हणून घेणं. बीपी एकदम उतरलं तर मेंदूला आणि हृदयाला रक्त कमी पडू शकतं, माणूस तिथेच कोसळू शकतो. ती धडधडीची गोळी दम्याच्या माणसाला तर धोक्याचीच, शिवाय ईसीजीत ठोके ४८ दिसले की डॉक्टर विचारणारच. आणि जे रोज मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉलसारखी गोळी घेतात त्यांनी ती लपवायला म्हणून अचानक बंद करू नये, बीपी उसळून येतं.

९. बीपीच्या टेबलापाशी

सेंटरमध्ये गर्दी असते, स्टाफ घाईत असतो, आणि तुम्ही जिना चढून आलेले असता. नाव पुकारलं, बसला, लगेच कफ, असं झालं तर हसून सांगा की आत्ताच जिना चढून आलोय, पाच मिनिटं बसू का. वाईट वाटत नाही कुणाला. बसताना खुर्चीच्या टोकावर बसू नका, मागे सरका. हात लटकत असेल तर टेबल जवळ ओढा किंवा फाइल आणि बॅग हाताखाली घ्या, लटकलेल्या हातानेही आकडा वाढतो. कफ बारीक वाटला तर "मला मोठा कफ लागतो" एवढं म्हणा. मोजत असताना त्यांनी पत्ता विचारला तर मोजून होईपर्यंत थांबा, मग उत्तर द्या.

जास्त आलं तर वाद घालू नका. "थोडं बसतो, परत मोजाल का" असं विचारा. दहा-पंधरा मिनिटं बाहेर शांत बसा, फोनवर घरी सांगत बसू नका की जास्त आलं, त्याने अजून वाढतं. हळू श्वास, सोडताना जास्त वेळ.

१०. फॉर्ममध्ये खरं लिहा

फॉर्मवर प्रश्न असतो की उच्च रक्तदाब आहे का, औषधं चालू आहेत का. एजंट सांगेल "नो वर टिक कर, सगळे तसंच करतात". करू नका. खाली सही तुमची असते, एजंटची नसते. खोटी माहिती दिली म्हणून व्हिसा किंवा नोकरी नंतरही जाऊ शकते, आणि त्याहून वाईट म्हणजे तिकडे स्ट्रोक किंवा हार्टचं काही झालं आणि इन्शुरन्सवाल्यांनी जुने कागद काढले तर क्लेम अडकतो. परक्या देशातलं हॉस्पिटलचं बिल घरच्यांच्या अंगावर येतं. "हो, आहे, गोळी चालू आहे, कंट्रोलमध्ये आहे, हे पत्र" एवढं म्हणायला काही लागत नाही. "पैसे द्या, फिट करून आणतो" म्हणणाऱ्यापासून लांब राहा, आखातात पोहोचल्यावर राहण्याच्या परवान्यासाठी परत मेडिकल होतंच.

११. तरीही अनफिट किंवा पेंडिंग आलं तर

पहिलं काम म्हणजे कारण काय लिहिलंय ते बघणं. पेंडिंग, तात्पुरतं अनफिट आणि कायमचं अनफिट यात फरक आहे आणि लोक घाबरून तिन्हीला एकच समजतात. बीपीसाठी बहुतेक वेळा परत या किंवा फिजिशियनचं पत्र आणा असं असतं. सेंटरकडून लेखी घ्या: परत कधी यायचं, काय आणायचं, शेवटची तारीख काय. मग कंपनीला लगेच कळवा, लपवून ठेवून जॉइनिंगची तारीख हुकवू नका, कळवल्यावर दोन-तीन आठवडे थांबायला तयार होणाऱ्या कंपन्या असतात. आणि दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या सेंटरमध्ये धावू नका, जिथे निकाल ऑनलाइन चढतो तिथे पहिला निकाल आधीच नोंदलेला असतो.

आकडा १८०/१२० किंवा त्याच्या वर आला आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात-पाय जड पडणं, नजर धूसर होणं यातलं काहीही असेल तर मेडिकल-बिडिकल सोडा आणि सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. त्रास काहीच नसेल तर थोडं बसून परत मोजा, आणि तेवढंच येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरला गाठा.

१२. फिट आलं, आता निघायची तयारी

सर्टिफिकेटवरची मुदत बघा आणि तिच्या आत व्हिसा, प्रवास बसतोय का हिशोब करा. कॅनडाचं मेडिकल १२ महिने चालतं, बाकीच्यांचं वेगवेगळं असतं, कागदावर लिहिलेलंच खरं.

गोळ्या मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनसोबत आणि हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको, बॅग हरवली तर पहिल्याच आठवड्यात गोळी नाही अशी वेळ येते. किती दिवसांच्या गोळ्या नेता येतात ते त्या देशाच्या नियमाप्रमाणे बघा, जपानमध्ये उदाहरणार्थ प्रिस्क्रिप्शनची औषधं एक महिन्यापुरतीच विनापरवाना नेता येतात. बीपीच्या साध्या गोळ्यांना सहसा अडचण येत नाही, पण त्याच पाऊचमध्ये कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल किंवा झोपेची गोळी असेल तर आखातात गंभीर प्रकरण होऊ शकतं, ते वेगळं काढा किंवा आधी रीतसर परवानगी घ्या.

दोन-तीन औषधं एकाच गोळीत असलेली कॉम्बिनेशन प्रत्येक देशात मिळतातच असं नाही. म्हणून मूळ नावं आणि मिलिग्रॅम एका चिठ्ठीवर लिहून पासपोर्टसोबत ठेवा आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, तिकडच्या फार्मसीत ब्रँडचं नाव सांगून काही कळत नाही. रात्रपाळी किंवा वेळेतला फरक असेल तर गोळीची वेळ कशी सरकवायची ते निघायच्या आधी डॉक्टरला विचारा. मशीन सोबत न्या. गोळ्या संपायच्या तीन आठवडे आधीची तारीख मोबाइलमध्ये रिमाइंडर म्हणून टाका, कारण नव्या जागी इन्शुरन्स कार्ड हातात यायला, कुठला दवाखाना त्यात बसतो ते कळायला आणि अपॉइंटमेंट मिळायला सहज तेवढा वेळ जातो.